दहावरचा काटा

१

हिबारा गावात एक शिष्टाचार सगळे पाळतात. कुणाच्या घरी नवी वस्तू दिसली, तर ती छान आहे म्हणायचं, कुठून आणली ते विचारायचं नाही. विचारणारा एकतर पोलिसांचा माणूस असतो, नाहीतर बाहेरगावचा. रिगोबेर्तो ओचोआ जन्मापासून हिबाऱ्याचा. तीस वर्षं तो साखर कारखान्यात टर्नर होता. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं लेथ मशीन त्यानं सुटं करून, एकेक भाग घरामागच्या अंगणात आणून पुन्हा उभं केलं, आणि ते कुठून आलं असं आजवर त्याला कुणी विचारलेलं नाही. त्यामुळे त्याची बायको ओनेलिया हॉस्पिटलातून निवृत्त होताना चादरीत गुंडाळलेलं एक मोठं पारदर्शक झाकण बसमधून घेऊन आली, तेव्हा त्यानंही विचारलं नाही. नुसतं नखानं वाजवून पाहिलं.

"अ‍ॅक्रिलिक. सहा मिलिमीटर," तो म्हणाला. "छान आहे."

झाकण अर्ध्या पिंपासारखं वाकलेलं होतं आणि त्याच्या बाजूला हात जाईल एवढी दोन गोल भोकं होती. चार वर्षं ते पलंगाखाली पडून होतं. मग युदेल्किसला डबा हवा झाला.

युदेल्किस, म्हणजे युदी, ही त्यांची एकुलती एक मुलगी. समुद्रात बुड्या मारणारी पाणबुडी. गेली सहा वर्षं ती सागरी केंद्रात समुद्री साळू, म्हणजे तळावरचे काटेरी गोळ्यांसारखे जीव, मोजत होती, आणि आता किनाऱ्याजवळच्या बेटांवरची प्रवाळं टिपायला चाळीस दिवसांसाठी एक बोट निघणार होती. पाण्याखाली फोटो काढणाऱ्याची एकच जागा होती, आणि अट ही, की कॅमेऱ्याचा हवाबंद डबा ज्याचा त्यानं आणायचा. शुक्रवारी दुपारी चार वाजता बोट सुटणार. डबा नसेल तर हवानाचा एक माणूस तयारच होता, त्याच्याकडे परदेशी डबा होता, अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला.

"माझ्याकडे माझे बाबा आहेत," युदीनं केंद्रात सांगून टाकलं होतं. हे ऐकून रिगो आठवडाभर फुगून फिरत होता.

त्यानं मोटारींचे जुने पिस्टन वितळवून मागच्या चौकटीचं ओतकाम केलं आणि लेथवर तिच्यात खाच पाडली. खाचेत प्रेशर कुकरची रिंग बसवली. कॅमेऱ्याची बटणं बाहेरून दाबायला सायकलच्या तारा घेतल्या, त्यांना पाणी अडवायला इंजेक्शनच्या सिरिंजमधली रबरं लावली. भिंतींसाठी पलंगाखालचं झाकण बाहेर आलं. ते भट्टीत तापवून त्यानं सपाट केलं, कापलं, दोन दोन थर क्लोरोफॉर्मनं एकमेकांना चिकटवले. जोड असा बसला की कुठे सुरू होतो ते दिसेना. इतकं चांगलं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, हे रिगोला कळत होतं, आणि तो तसं बोलूनही दाखवत होता.

२

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता त्यानं शेवटची चाचणी लावली. पद्धत सोपी होती. रिकामा डबा बंद करायचा, फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरनं आतली थोडी हवा ओढून घ्यायची, मापकाचा काटा दहावर आला की झडप फिरवायची आणि तीन तास थांबायचं. डब्यात कुठे केसाएवढी फट असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि काटा उतरतो. काटा जागचा हलला नाही, तर पाणीही आत शिरणार नाही. दर अर्ध्या तासाला रिगो भिंतीवर खडूनं आकडा लिहीत असे. तीन तासांच्या आत चाचणी त्यानं आयुष्यात उरकली नव्हती. घाई करणाऱ्याला तो 'बाहेरून आलेला' म्हणे, आणि याहून वाईट शिवी त्याच्याकडे नव्हती.

साडेअकराला वीज गेली. पंखा थांबला, शेजारचा रेडिओ थांबला, सगळ्या गल्लीचा आवाज एकदम खाली बसला. त्या शांततेत रिगोला मापकाची टिकटिक ऐकू आली.

मापकाला टिकटिक करण्याचं काही कारण नव्हतं. तो चष्मा लावून जवळ गेला. काटा दहावरून किंचित खाली येत होता आणि परत दहावर जात होता. खाली, वर. खाली, वर. खाली येताना मापकातला दांडा कुठेतरी घासत होता, त्याचा तो आवाज.

रिगो स्टूल ओढून बसला. काटा नुसता उतरला असता तर त्याला वाईट वाटलं असतं, पण भीती वाटली नसती. गळती म्हणजे गळती, शोधायची आणि बुजवायची. पण आत शिरलेली हवा आपण होऊन बाहेर जात नाही. झडप बंद होती. कॉम्प्रेसर बंद होता. काटा खाली येत होता, हे एकवेळ समजलं असतं. परत वर कशाच्या जोरावर जात होता, ते समजेना.

त्यानं भिंतीवर लिहिलं, 'दहा'. खोटं नव्हतं ते. प्रत्येक वेळी काटा दहावर येतच होता.

३

बाराच्या सुमाराला त्याला कारण सापडलं. ऊन. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप डब्यावर पडत होती, ढग आला की जात होती. हवा तापली की फुगते, निवली की आकसते. एवढं साधं, आणि आपण घाबरलो याची त्याला लाज वाटली. त्यानं डबा उचलून आत स्वयंपाकघरात आणला, टेबलाच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवला, आणि बाहेरच्या गरम हवेची झळ लागू नये म्हणून पलंगावरची रजई आणून त्याच्याभोवती नीट गुंडाळली. फक्त मापक बाहेर ठेवला.

काटा थांबला नाही. पण आधीची घाई गेली. तो आता सावकाश, एका लयीत जाऊ येऊ लागला. टिकटिकही हळू झाली.

"बघ, ऊनच होतं," रिगो स्वतःशीच म्हणाला. त्याचं त्यालाच ते पटलं नाही. उन्हानं काटा हलत असता तर सावलीत तो थांबायला हवा होता. सावलीत येऊन, पांघरूण घेऊन तो शांत का व्हावा?

ओनेलिया घेवडा निवडत होती. काळ्या घेवड्याचं ताट घेऊन ती चुलीकडे जाताना टेबलापाशी थांबली, आणि ताट एका हातात तोलत दुसऱ्या हातानं रजईवर हलकेच थोपटू लागली. तीनचार वेळा थोपटलं असेल. मग ती आपल्या हाताकडे बघत राहिली.

"काय करतेयस?" रिगोनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "रजई का घेतलीस? धुतलेली होती."

पण ती चुलीकडे गेली नाही. ताट खाली ठेवून तिनं रजईच्या तोंडाशी डोळे नेले आणि काट्याकडे पाहिलं. बावीस वर्षं नर्स होती ती, अजूनही घड्याळ मनगटावर न घालता छातीवर उलटं टाचत असे. तिचा हात त्या घड्याळाकडे गेला. मिनिटभर ओठ हलले.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. आणि मग ड्युटीवर असल्यासारखी, "ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

"काही नाही म्हटलं ना, रिगो."

४

जेवण दोघांना गेलं नाही. भात तसाच राहिला, कॉफी निवली. रिगो बोलत राहिला. बंदरात क्रेन चालू असेल, जमीन हादरत असेल. कुकरची रिंग नवी आहे, ती ताणत सैलावत असेल. अ‍ॅक्रिलिकला ओढ बसली की ते किंचित वाकतं, हे पुस्तकातसुद्धा दिलंय. ओनेलिया ऐकत होती आणि दर दहा मिनिटांनी छातीवरचं घड्याळ उलटं धरत होती.

एक वाजता ती म्हणाली, "हे असं कधीपासून ठेवलंयस?"

"अकरापासून."

"आतली हवा काढून?"

"सगळी नाही, थोडीच. तिसरा हिस्सा. पद्धतच ती आहे."

"आता अठ्ठावीस झालेत," ती म्हणाली. "झडप उघड."

रिगो हसायला गेला, पण चेहऱ्यानं साथ दिली नाही. "एकच तास राहिलाय. पोरगी हा डबा घेऊन वीस मीटर खाली जाणार आहे. अर्धवट तपासलेला देऊ? फुटला तर कॅमेरा जाईल, केंद्राचा आहे तो. जागा जाईल. सहा वर्षं साळू मोजलेत तिनं, ओनेलिया."

"मला ठाऊक आहे तिनं काय केलंय ते. झडप उघड."

"कशासाठी? तू सांग ना कशासाठी. तू म्हणशील ते करतो, पण तोंडानं सांग."

 ओनेलिया रजईवर हात ठेवून बसली. रिगोच्या मनात येत होतं की उघडावी, आणि त्याच वेळी हेही येत होतं, की एकदा उघडली म्हणजे आपण ते मान्य केलं. त्यानं झडप उघडली नाही. दीड वाजता उठून अंगणातल्या भिंतीवर 'दहा' लिहून आला.

परत आला तेव्हा टिकटिकींच्या मधलं अंतर वाढलं होतं. एक झाली की दुसरीची वाट पाहावी लागत होती. काटा आता पहिल्यापेक्षा जास्त खाली जात होता, ओढ लागल्यासारखा, आणि थरथरत परत येत होता.

"बारा," ओनेलिया म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. तो आवाज रिगोनं लग्नाच्या छत्तीस वर्षांत घरात कधी ऐकला नव्हता. तो तिनं हॉस्पिटलात ठेवलेला असावा.

५

दोनला पाच मिनिटं कमी असताना काटा दहावर येऊन थांबला.

दोघंही वाट पाहत राहिले. काटा हलला नाही. बाहेर कुणीतरी सायकलवरून पाव विकत गेलं. काटा दहाच्या रेघेवर चिकटवल्यासारखा उभा होता. रिगोनं आयुष्यात इतका स्थिर काटा पाहिला नव्हता. डबा पास झाला होता.

 त्यानं रजई ओरबाडून काढली आणि झडप फिरवली. हवा शीळ घालत आत गेली, बराच वेळ जात राहिली. काटा शून्यावर आला. आता त्याच्यावरून काही कळण्याची सोय उरली नव्हती. ओनेलियानं डबा उचलला, खांद्याशी आडवा धरला आणि तळहातानं त्याच्या पाठीवर मारू लागली, हलकं, पण भरभर.

"ओनेलिया, अगं तो डबा आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि मारत राहिली.

मग तिचा हात थांबला. तिनं डबा उजेडात धरला. वरच्या डाव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, वाफेचा एक ठिपका आला होता. नाण्याएवढा. तो पुसट झाला, गेला, पुन्हा आला.

दमट हवा, रिगोच्या डोक्यानं लगेच सांगितलं. बाहेरची दमट हवा आत गेली, गार भिंतीवर जमली. पण भिंत गार कशी असेल? दुपारचे दोन वाजले होते, ओनेलियाच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

आणि हिबाऱ्यात कुणी विचारत नाही ते रिगोनं तेव्हा विचारलं. "ते झाकण कसलं होतं?"

"तीन नंबरच्या पेटीचं," ओनेलिया म्हणाली. "अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात, त्या पेटीचं. मोडीत काढली होती."

"बिघडली होती?"

"छान चालायची. आम्ही तिच्यात कुणाला ठेवत नव्हतो."

"का?"

ओनेलिया ठिपक्याकडे बघत होती. "ती रिकामी नसायची," ती म्हणाली.

६

युदी तीनला आली, कॅमेऱ्याची पिशवी एका खांद्यावर, कपड्यांची दुसऱ्यावर. दारातूनच तिची बडबड सुरू झाली. "बाबा, हवानावाला धक्क्यावर येऊन बसलाय. म्हणतो, मी फक्त निरोप द्यायला आलोय. डबा मांडीवर घेऊन निरोप देतोय, मेला. चला, कुठंय माझा?"

रिगोनं घसा साफ केला. "डबा नापास झाला, युदी. गळतोय."

युदीनं पिशव्या खाली ठेवल्या. आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग अंगणात जाऊन भिंत वाचून आली.

"दहा, दहा, दहा, दहा, दहा," ती म्हणाली. "तुमचंच अक्षर आहे. हा गळतोय?"

"तो..."

"खोटं बोलायची सवय नाही तर बोलू नये माणसानं. मी चाळीस दिवस जाणार म्हणून चाललंय का हे? आई, तू शिकवलंस का यांना?"

"युदी, तो बंद करू नकोस," ओनेलिया म्हणाली. डबा तिच्या मांडीवर होता, त्याचं मागचं झाकण उघडं होतं. "बंद करून पाण्याखाली नेऊ नकोस. आत श्वास चाललाय."

 युदीनं आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. "दोघांनाही ऊन लागलंय," ती म्हणाली. "पाणी प्या. बोटीवरून फोन करीन."

तिनं डबा आईच्या मांडीवरून अलगद काढून टेबलावर ठेवला, कॅमेरा आत बसवला, रिंगेवरून ग्रीसचं बोट फिरवलं, झाकण दाबून चारी खटके लावले. सगळं बापानं शिकवलेलं, एकही पायरी न चुकवता. मग पिशवीतून हातपंप काढला. सायकलचाच पंप, आतलं चामडं उलटं बसवून हवा ओढणारा केलेला. तोही रिगोनंच करून दिला होता. तिनं दोनदा ओढलं. मापकाचा काटा दोनवर आला आणि टिकटिक सुरू झाली. भराभर, एकमेकींच्या पायात पाय अडकून पडल्यासारख्या टिकटिकी. साठ असतील, सत्तर असतील.

"हे काय आवाज करतंय?" युदी म्हणाली, आणि तिसऱ्यांदा पंप ओढला.

रिगो अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात सुताराचं गिरमिट होतं, त्याला सगळ्यांत जाड पातं लावलेलं. त्यानं युदीला खांद्यानं बाजूला सारलं, पंपाची नळी उपटली, डबा आपल्या पोटाशी आवळून धरला.

"बाबा, काय करताय? बाबा."

"वरच्या कोपऱ्यात नको," ओनेलिया म्हणाली. "तोंड आहे तिथं. खाली घे."

गिरमिटाला वीज लागत नाही, पण वेळ लागतो. रिगो मूठ फिरवत राहिला, अ‍ॅक्रिलिकच्या पांढऱ्या सळ्या वेटोळी होत त्याच्या विजारीवर पडत राहिल्या. युदीनं एकदा त्याचा दंड धरला, मग सोडून दिला. आपल्या हातचं सगळ्यांत चांगलं काम रिगो स्वतःच्या हातानं भोसकत होता, आणि पोरीची जागाही. हे त्याला कळत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तो पुसत नव्हता. पातं आरपार गेलं. अंगठ्याएवढं भोक पडलं.

७

बंदरातून बोटीचा पहिला भोंगा झाला. साडेतीन.

युदी रडली नाही. ती बापाकडे बघतही नव्हती. "बूच," ती म्हणाली. "बाटलीचं बूच आहे का घरात? रबराचं. आई, तुझ्या औषधांच्या बाटलीचं असेल. मेणानं बसवीन मी. पाच मीटरपर्यंत तरी टिकेल. तोवर कुणाला कळायचं नाही." तिनं डबा ओढून स्वतःपुढे घेतला. भोकाच्या कडेला खरखर किती राहिलीय ते बघायला तिनं करंगळी आत घातली आणि गोल फिरवली.

फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

रिगोला वाटलं कापलं. "लागलं का? दाखव," तो म्हणाला. युदीनं मान हलवली. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, राग आधी, मग घाई. पारदर्शक भिंतीतून तिची करंगळी स्वच्छ दिसत होती. तिच्याभोवती काहीही नव्हतं. पण करंगळीच्या मधल्या पेराजवळची कातडी चारी बाजूंनी दबली होती आणि तिथं पांढरे पांढरे वळ उमटले होते. बारीक, एकाखाली एक. चार.

ओनेलिया खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली.

"बोट काढ, युदी," रिगो म्हणाला.

दुसरा भोंगा झाला. हा लांबलचक होता, दोर सोडायच्या आधीचा. गल्लीतून कुणीतरी पळत आलं, दारावर थापा मारल्या आणि युदेल्किस, अगं चल, म्हणून हाक मारली. युदीनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं मोकळ्या हातानं हळूच रजई ओढली आणि डब्यावर घातली.

"युदी. काढ म्हटलं ना बोट."

"हळू बोला, बाबा," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागतोय."